वायफाय दिसतं पण नेट नाही: व्हीलॅनचा घोळ कुठून शोधायचा

मे संपता संपता पहिला गडगडाट होतो, दोन तास वीज जाते, परत येते आणि माझा फोन वाजायला लागतो. कधी कांदोळीचा लॉज, कधी मोरजीचा होमस्टे, कधी म्हापशातला एखादा दवाखाना. वाक्य मात्र ठरलेलं: "बाब, वायफाय दिसता, पूण नेट ना." तोवर इंटरनेटवाल्याला दोन फोन झालेले असतात, राउटर तीनदा बंद-चालू झालेला असतो आणि "आमच्या बाजूने लाइन ठीक आहे" असं उत्तर मिळालेलं असतं. बहुतेक वेळा तो बिचारा खरंच बोलत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिघाड असतो राउटरच्या अलीकडे, सगळ्या वायरी एकत्र येतात त्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, आणि तिथेही वायरीत कमी, व्हीलॅनच्या (एकाच पेटीत पाडलेल्या वेगवेगळ्या कप्प्यांच्या) नंबरांत जास्त.

हा एकच बिघाड इतक्या वेळा काढलाय की आता गाडी बाहेर काढायच्या आधी चार प्रश्न फोनवरच विचारतो. तेच प्रश्न आणि पुढच्या तपासण्या इथे लिहितोय. आधी फुकटच्या, मग कष्टाच्या. जागेवर नेटची देखभाल करणारा जो कोणी असेल, ज्याच्याकडे स्विचचा पासवर्ड आहे आणि थोडा धीर आहे, त्याच्यासाठी.

उदाहरणाला एकच मांडणी धरू. व्हीलॅन १० ऑफिस आणि बिलिंगसाठी, २० पाहुण्यांसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी. नेटवर्कमधल्या यंत्रांचे पत्ते, म्हणजे आयपी, तेही त्याच हिशेबाने: ऑफिसचे १९२.१६८.१० ने सुरू होणारे, पाहुण्यांचे १९२.१६८.२० ने.

लक्षणं

फोन वायफायला जोडला जातो, पासवर्ड घेतो, पण आयपी मिळत नाही. अँड्रॉइड "आयपी पत्ता मिळवत आहे" असं म्हणत घुटमळतो आणि सोडून देतो. विंडोजच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.

खोली ४ मध्ये चालतं, ५ मध्ये नाही. किंवा खाली चालतं, वरच्या मजल्यावर नाही.

बिलिंगचा कॉम्प्युटर ठीक, पण स्वयंपाकघरातला ऑर्डरींचा (केओटी) प्रिंटर गप्प. रेकॉर्डरवर आठातले तीन कॅमेरे काळे, आणि शिडी लावून बघावं तर कॅमेऱ्यांचे दिवे मजेत लुकलुकतायत.

सगळं नीट होतं, वीज गेली-आली आणि मागच्या वर्षीचाच बिघाड जसाच्या तसा परत.

आणि एक लक्षण असं, ज्याची तक्रार कधीच येत नाही. कांदोळीच्या एका अकरा खोल्यांच्या लॉजमध्ये मी कॅमेऱ्याच्या कामाला गेलो होतो. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, ह्या प्रिंटरात भूत आहे. आपोआप कागद येतात." त्यांच्या हातात कुणा पाहुण्याचा बोर्डिंग पास होता. त्याने वरच्या खोलीत बसून फोनवर प्रिंट दाबलं, फोनने त्याला ऑफिसचा प्रिंटर दाखवला, आणि कागद खाली आला. झालं होतं असं: कुणीतरी वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारी डबी) रिसेट करून वायफायचं नाव आणि पासवर्ड परत भरले होते. व्हीलॅनचा रकाना रिकामाच राहिला होता. त्यामुळे पाहुण्यांचं सगळं दळणवळण नंबराविना स्विचमध्ये येत होतं आणि सरळ ऑफिसच्या घोळक्यात मिसळत होतं. बिलिंगचा कॉम्प्युटर, त्यावरचं शेअर केलेलं फोल्डर, सगळं त्याच घोळक्यात. नेट झकास चालत होतं, म्हणून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. नेट बंद पडलं तर निदान आरडाओरडा होतो. माझ्या मते हा चालू असलेला बिघाडच जास्त वाईट.

व्हीलॅन, कामापुरता

एका स्विचचे आतल्या आत दोन-तीन वेगळे स्विच करणं म्हणजे व्हीलॅन. चोवीस पोर्टांच्या (वायर खोचायच्या भोकांच्या) स्विचमध्ये पहिले आठ १० ला दिले आणि पुढचे आठ २० ला, तर दोघं एकाच पेटीत राहूनही एकमेकांची हाक ऐकत नाहीत. एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर राउटरच्या दारातूनच जायचं.

एकच स्विच असेपर्यंत हे सोपं असतं. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती. दोन भिंतींपलीकडे वायफाय पोचत नाही. म्हणून दर दोन-तीन खोल्यांना एक अ‍ॅक्सेस पॉइंट, दर मजल्याला एक स्विच. आता दोन स्विचांमध्ये प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळी वायर ओढायची का? नाही. वायर एकच, पण तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पाकिटाला, नंबराची चिठ्ठी लावायची. ही चिठ्ठी म्हणजेच टॅग, आणि अशी सामायिक वायर म्हणजे ट्रंक. ८०२.१क्यू या मानकात चिठ्ठी बसवली आहे, पहिली आवृत्ती १९९८ची. चिठ्ठी चार बाइटांची, त्यात नंबरासाठी १२ बिट, म्हणजे ४०९६ आकडे. शून्य आणि ४०९५ राखीव. वापरायला १ ते ४०९४ उरतात.

साधा प्रिंटर, कॅमेरा, पाहुण्याचा फोन यांना चिठ्ठीशी काही देणंघेणं नसतं. चिठ्ठी लावायचं आणि काढायचं काम स्विचच्या पोर्टाचं, किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटचं. म्हणून प्रत्येक पोर्टाला दोनच प्रश्न विचारायचे. चिठ्ठीशिवाय काही आत आलं तर त्याला कुठला नंबर देणार? आणि अमुक नंबरचं काही बाहेर निघालं तर चिठ्ठी काढणार, ठेवणार, की जाऊच देणार नाही?

खोली ५ मधल्या फोनपासून राउटरपर्यंत असे चार-पाच पोर्ट लागतात. त्यातल्या एकाचं एक उत्तर चुकलं की साखळी तुटली. खालच्या सगळ्या तपासण्या म्हणजे तुटलेली कडी कुठली ते शोधणं.

आधी काय करायचं नाही

पिनेने रिसेटचं बटण दाबायचं नाही. राउटरला ती सवय चालून जाते, मॅनेज्ड, म्हणजे मांडणी भरता येणाऱ्या, स्विचला नाही. रिसेट झालेला स्विच सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये टाकून मोकळा होतो. एका मजल्याचा बिघाड होता, तो आता अख्ख्या इमारतीचा झाला, आणि जुनी मांडणी कुठे लिहून ठेवलेली नसेल तर ती गेली.

वायर उपटायच्या आधी स्विचच्या तोंडाचे दोन फोटो काढा. नंबर वाचता येतील असे.

पहिली तपासणी: आयपी बघा. फुकट, एक मिनिट

ज्या जागी बिघाड आहे तिथेच उभं राहून फोनवर किंवा लॅपटॉपवर मिळालेला पत्ता बघा. "नेट चालतंय का" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. पत्ता काय आला, यावरून पुढची वाट ठरते.

१६९.२५४ आला किंवा काहीच आला नाही: डीएचसीपीला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, मारलेली हाक पोचली नाही, किंवा उत्तर परत आलं नाही. ही हाक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम मारलेली) असते, आणि आपल्या व्हीलॅनच्या हद्दीबाहेर ती जात नाही. वाटेत कुठे २० नंबर सुटला असेल तर हाक तिथेच विरते.

पाहुण्याच्या वायफायवर १९२.१६८.१० चा पत्ता आला: तुम्ही चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहात. भुताचा प्रिंटर तो हाच.

ओळखीचा नसलेलाच पत्ता आला, समजा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ चा: घरात कुणीतरी दुसरा राउटर लावलाय. चौथ्या तपासणीकडे उडी मारा.

२० चा बरोबर पत्ता आला, तरी नेट नाही: व्हीलॅन आपलं काम करतोय. राउटर, फायरवॉल किंवा इंटरनेटची लाइन बघा. उगाच स्विच उकरू नका.

लगेच दुसरा प्रश्न: बिघाड जागेचा आहे की माणसाचा? एकच फोन खोली ४ मध्ये चालतो आणि ५ मध्ये नाही, तर जागेचा. व्हीलॅनवर संशय घ्या. पण सगळ्या खोल्यांत कालपासून आलेल्यांचं चालतंय आणि आज आलेल्यांचं नाही, तर पत्ते संपलेत. डिसेंबरात हे हमखास होतं. शंभर पत्त्यांचा साठा, पाहुणे दोन रात्रींचे, प्रत्येकाकडे दोन-तीन यंत्रं, आणि पत्ता दिल्याची मुदत आठ दिवस. विंडोज सर्व्हरचा मूळ आकडा तेवढाच आहे. पाहुणा घरी पोचून कामाला लागतो, तरी त्याच्या फोनचा पत्ता अजून लॉजमध्ये अडकलेला. मुदत काही तासांवर आणा, मिटलं. यासाठी मी एकदा अर्धा दिवस ट्रंक तपासत बसलो होतो, म्हणून आता आधी हे विचारतो.

दुसरी: वायर कुठल्या पोर्टात आहे?

व्हीलॅन वायरीला चिकटलेला नसतो, पोर्टाला चिकटलेला असतो. ७ मधली वायर १२ मध्ये घातली की दिवा तसाच हिरवा लागतो, नंबर मात्र बदलतो.

चवथीच्या आधी घरोघर रंगकाम निघतं. रंगारी रॅक भिंतीपासून सरकवतो, वायरी काढतो, आणि काम झाल्यावर जिथे जागा दिसेल तिथे खोचून देतो. त्याची चूक नाही, त्याला सगळी भोकं सारखीच. जुना फोटो असेल तर ताडून बघा, नसेल तर पोर्टांची यादी शोधा. तीही नसेल तर स्विचच्या पानावर कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते बघून एकेक वायर तिच्या घरी लावा.

एखादं मोकळं टोक लोंबताना दिसलं म्हणून ते स्विचमध्ये खोचून देणं हा आणखी एक प्रकार. दुसरं टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या व्हीलॅनच्या पोर्टात असेल, तर दोन व्हीलॅन एका वायरीने जोडले गेले. एकाच व्हीलॅनमध्ये असेल तर लूप, म्हणजे माहिती गोल फिरत राहते अशी वाट, आणि स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून वाट अडवणारी सोय) बंद असेल तर सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकून अख्खं नेट बसतं.

जॅक काढलाच आहे तर उजेडात धरून बघा. समुद्राजवळच्या जागांत पिना हिरवट पडतात. तसा जॅक पुसत बसू नका, कापून नवा क्रिंप करा. चार रुपयांच्या जॅकसाठी दोन तास घालवलेले मी पाहिलेत.

तिसरी: मधला छोटा स्विच

टीव्हीवाला येतो, वायर कमी पडते, तो पाच पोर्टांचा साधा स्विच लावतो. फॉल्स सीलिंगच्या वर, कुणाला न सांगता. साध्या स्विचला व्हीलॅन कळत नाही. त्याच्यावर लावलेलं सगळं, तो ज्या पोर्टावर बसलाय त्याच्याच नशिबाला जोडलेलं. टीव्हीसाठी असलेल्या पोर्टावर तो बसला आणि त्यात अ‍ॅक्सेस पॉइंटही लावला, की अ‍ॅक्सेस पॉइंट २० ची चिठ्ठी लावून पाठवतो आणि वरचा पोर्ट म्हणतो, ही चिठ्ठी मी ओळखत नाही. ऑफिसचं वायफाय चालतं, पाहुण्यांचं नाही, आणि सगळे अ‍ॅक्सेस पॉइंटला दोष देतात.

तपासणी सोपी: मधला स्विच बाजूला काढून वायर थेट लावून बघा. चाललं, तर तिथे व्हीलॅन कळणारा स्विच घाला. साधे स्विच बहुधा चिठ्ठी न उघडता पुढे ढकलतात, त्यामुळे ट्रंकवर ते कधी कधी चालूनही जातात. चिठ्ठीमुळे सर्वात मोठी फ्रेम १५१८ बाइटांवरून १५२२ वर जाते, आणि काही जुनाट स्विचांना ती गिळवत नाही. मग छोटी पानं उघडतात, मोठी फाइल अडकते. अशा जुगाराच्या वाटेला मी जात नाही.

चौथी: घुसखोर राउटर

अनोळखी पत्ता आला असेल तर विंडोजवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवून डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता बघा. तो तुमच्या राउटरचा नसेल, तर कुणीतरी घरगुती राउटर लॅनच्या भोकातून जोडलाय आणि तो खुशाल पत्ते वाटतोय. त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) काढा, स्विचच्या मॅक टेबलात, म्हणजे कुठला मॅक कुठल्या पोर्टावर त्या यादीत, शोधा, पोर्ट सापडतो. मग त्या वायरीचा माग काढत चालत जा. एकदा ती वायर मालकांच्या मुलाच्या खोलीत जाऊन थांबली होती, गेमिंगसाठी. पुन्हा होऊ नये म्हणून डीएचसीपी स्नूपिंग (परक्या पोर्टावरून पत्ते वाटू न देणारी सोय) चालू करा आणि फक्त राउटरच्या दिशेचा पोर्ट विश्वासाचा ठेवा.

पाचवी: कॉन्फिग सेव्ह केलं होतं का?

वीज गेल्यावर दरवर्षी परत येणारा बिघाड बहुधा इथला असतो. स्विचमध्ये दोन मांडण्या (कॉन्फिग) असतात: आत्ता चालू असलेली आणि पुढच्या वेळी सुरू होताना वाचायची. बदल केला की तो पहिलीत जातो. बऱ्याच स्विचांच्या पानावर "अप्लाय" दाबूनही तो दुसरीत जात नाही. वर कोपऱ्यात वेगळं "सेव्ह" असतं, ते दाबावं लागतं. यूपीएसवर स्विच आठ महिने न थांबता चालतो, बदल टिकल्यासारखा दिसतो, आणि मेच्या पहिल्या वादळात बॅटरी संपली की स्विच आठ महिन्यांपूर्वीचा होऊन उठतो.

सिस्कोच्या स्विचांत याचं एक फसवं रूप आहे. नेहमीच्या मांडणीत व्हीलॅनची यादी व्हीलॅन डॉट डॅट या फाइलमध्ये लगेच लिहिली जाते, पण कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, ते कॉन्फिगमध्ये असतं. सेव्ह केलं नाही तर वीज आल्यावर १०, २०, ३० हे तिन्ही व्हीलॅन यादीत व्यवस्थित दिसतात. बघणारा म्हणतो, सगळं आहे की. पोर्ट मात्र परत व्हीलॅन १ मध्ये जाऊन बसलेले. म्हणून "शो व्हीलॅन ब्रीफ" चालवलं की डावीकडची नावं वाचून थांबू नका, उजवीकडचे पोर्ट मोजा.

आधी अपटाइम, म्हणजे स्विच किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. बिघाड सुरू झाला तेव्हाच स्विच परत उठलाय, तर शंका जवळजवळ खरी. मांडणी परत भरा, सेव्ह करा, आणि मग स्वतः एकदा स्विच बंद करून चालू करा. दुपारी तीन वाजता, पाहुणे समुद्रावर असताना. ही शेवटची पायरी सगळे टाळतात आणि पुढच्या वर्षी मला बोलावतात. कॉन्फिगची फाइल उतरवून रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा.

सहावी: पीव्हीआयडी

वेबवरून चालणाऱ्या छोट्या मॅनेज्ड स्विचांत घोडं इथे पेंड खातं. मघाशी म्हटलं, पोर्टाला दोन प्रश्न. या स्विचांत त्या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या पानांवर भरायची असतात. एका पानावर पोर्ट ७ ला व्हीलॅन २० चा अनटॅग्ड (चिठ्ठी काढून पाठवणारा) सदस्य करता. ते बाहेर जाण्याचं उत्तर. दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी २० करायचा असतो. ते आत येण्याचं. लोक पहिलं पान भरून उठतात.

मग होतं काय? २० ची माणसं पोर्ट ७ मधून बाहेर येऊ शकतात, पण पोर्ट ७ वर जे काही आत येतं ते अजूनही १ मध्ये जातं. एकतर्फी रस्ता. पोर्टाला व्हीलॅन १ मधून काढलेलं नसेल आणि तिथे डीएचसीपी असेल, तर चुकीचा पत्ता मिळतो. काढलेलं असेल तर पत्ताच मिळत नाही. म्हणून प्रिंटर किंवा कॅमेऱ्यासारख्या साध्या यंत्राच्या पोर्टाला तीन गोष्टी जुळवा: योग्य व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी तोच, आणि बाकी कुठल्याही व्हीलॅनचा सदस्य नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट वेगळा. त्याला अनटॅग्ड एक, ज्यावरून तो स्वतः सांभाळला जातो, आणि बाकीचे टॅग्ड. पाहुण्यांचा २० टॅग्ड आहे ना, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये त्या वायफायच्या नावासमोर २० लिहिलंय ना, हे दोन्हीकडे बघा. लॉजमधलं भूत इथेच होतं.

सातवी: ट्रंक, दोन्ही टोकांनी

दोन स्विचांमधल्या वायरीचं एक टोक बरोबर असणं म्हणजे काहीच नाही. अख्खा मजला किंवा अख्खी मागची इमारत एकाच नंबरापुरती मेली असेल, समजा ऑफिस चालतं आणि कॅमेरे नाहीत, तर ट्रंकवर ३० ला परवानगी नाही असं धरून चला.

सिस्कोवर "शो इंटरफेसेस ट्रंक" चालवा. त्यात एकाखाली एक तीन याद्या येतात आणि आपला नंबर कुठल्या यादीतून गळतो त्यावर उत्तर मिळतं. पहिल्या यादीत नसेल, तर परवानगीच दिलेली नाही. पहिलीत आहे, दुसरीत नाही: परवानगी आहे, पण या स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही किंवा बंद आहे. मधल्या स्विचवर ३० चं एकही यंत्र नसलं, तरी ३० तिथे तयार असावा लागतो. नाहीतर तो पुढे जाऊ देत नाही. दुसरीपर्यंत आहे, तिसरीत नाही: स्पॅनिंग ट्रीने वाट अडवलीय किंवा व्हीटीपीने (सिस्कोच्या स्विचांत व्हीलॅनची यादी आपोआप पसरवणाऱ्या सोयीने) छाटलीय. इथे आला असाल तर हात आवरता घ्या, पुढे सांगतो.

परवानगी वाढवताना "अ‍ॅड" हा शब्द विसरू नका. "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" असं नुसतं लिहिलं, तर ३० वाढत नाही. आधीची यादी पुसून फक्त ३० उरतो. मी स्वतः हे केलंय, दुरून, शनिवारी रात्री. ज्या वाटेने मी आत गेलो होतो तीच वाट मी बंद केली, आणि दहा किलोमीटर गाडी मारून कन्सोल केबल (स्विचला थेट जोडून मांडणी बदलायची वायर) लावावी लागली. तेव्हापासून दुरून बदल करायच्या आधी कॉन्फिग सेव्ह करतो, मग "रीलोड इन १०" देतो आणि मगच बदलाला हात लावतो. चुकलो तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः परत उठतो आणि सेव्ह केलेल्या मांडणीवर येतो. बरोबर झालं तर "रीलोड कॅन्सल" आणि सेव्ह.

नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे ट्रंकवर चिठ्ठीशिवाय जाणारा, दोन्ही टोकांना एकच हवा. एकीकडे १० आणि दुसरीकडे १ असेल, तर चिठ्ठी नसलेलं सगळं १० म्हणून निघतं आणि १ म्हणून पोचतं. दोन्ही स्विच सिस्कोचे असले तर ते लॉगमध्ये "नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच" म्हणून ओरडत राहतात. वेगळ्या कंपन्यांचे असले की शांतता, तुम्हालाच शोधायचं.

आणि "ट्रंक" हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने येत नाही. एचपीच्या प्रोकर्व्ह जातीच्या स्विचांत ट्रंक म्हणजे दोन-चार वायरी एकत्र बांधून एक जाड वाट करणं. तिथे आपल्याला हवा तो शब्द "टॅग्ड". एका हुशार पोराने सिस्कोचं वाचून प्रोकर्व्हवर ट्रंक केला होता आणि संध्याकाळभर डोकं खाजवत बसला होता.

आठवी: वाट अर्धी करत जा

इतकं करूनही कडी सापडली नाही, तर लॅपटॉप घेऊन निघा. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.२० मधला मोकळा पत्ता द्या आणि राउटरच्या पत्त्याला पिंग (उत्तर येतं का ते बघणारी हाक) चालू ठेवा. पिंग चालला, तर वाट शाबूत आहे आणि बिघाड डीएचसीपीचा. नाही चालला, तर वाटेतल्या मधल्या स्विचवर २० चा एक अनटॅग्ड पोर्ट घेऊन तिथे लॅपटॉप लावा. चाललं तर बिघाड तुमच्या मागे, नाही तर पुढे राउटरकडे. पुन्हा मधोमध. पाच स्विच असले तरी दोन-तीन खेपांत कडी सापडते.

चालायचा कंटाळा असेल तर मॅक टेबलातून माग काढा. लॅपटॉपचा मॅक पत्ता प्रत्येक स्विचवर शोधा आणि तो कुठल्या नंबराखाली दिसतो तेही बघा. तीन स्विचांवर २० खाली दिसला आणि चौथ्यावर १ खाली, तर तिसऱ्या-चौथ्याच्या मधली वायर तुमचा गुन्हेगार. पिंग थांबवू नका. सिस्कोवर पाच मिनिटं आवाज नसला की नोंद टेबलातून जाते.

याच फेरीत पोर्टावरचे चुकांचे आकडे बघा. सीआरसी (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) वाढत असतील, तर व्हीलॅन सोडा, वायर किंवा पोर्ट मेलाय. बागेतल्या कॉटेजला उघड्यावरून तांब्याची वायर गेली असेल, तर विजेच्या एका लोळाने पोर्ट अर्धमेला होतो: दिवा लागतो, काम होत नाही. तिथे फायबर टाका. यावर मी घासाघीस करत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पासवर्ड माहीत नसेल आणि रिसेट हाच उपाय दिसत असेल, तर थांबा. तोच स्विच जर व्हीलॅन-व्हीलॅनमध्ये राउटिंगही करत असेल, तर रिसेटने इमारत आंधळी होते.

मॅनेजमेंटचा, म्हणजे ज्यावरून स्विच सांभाळला जातो तो, व्हीलॅन बदलायची वेळ आली आणि हातात कन्सोल केबल नसेल, तर थांबा. स्पॅनिंग ट्री किंवा व्हीटीपीवर बोट जात असेल, तरी थांबा. वापरलेला जुना स्विच व्हीटीपी चालू असलेल्या जाळ्यात नुसता जोडला, त्याचा डोमेन तोच निघाला आणि रिव्हिजन नंबर मोठा निघाला, तर तो सगळ्यांची व्हीलॅनची यादी आपल्या यादीने पुसू शकतो. एका वायरीने.

दवाखाना असेल आणि त्याच स्विचवर तपासणीची यंत्रं असतील, किंवा आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल, तर पहिल्या चार तपासण्यांपलीकडे जाऊ नका. स्विचला जळका वास येत असेल, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर हे नेटवर्कचं काम नाही. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग आधी.

आणि एक तास होऊनही तुम्ही केलेले बदल तुम्हालाच क्रमाने सांगता येत नसतील, तर थांबा. त्यापुढे तुम्ही नवे बिघाड तयार करत असता.

येणाऱ्याला चार गोष्टी तयार ठेवा: बिघडलेल्या जागी कुठला आयपी आला, बिघाड कधीपासून आणि त्याच्या आधी काय झालं, मधल्या काळात तुम्ही काय काय बदललं, आणि स्विचचा फोटो. पोर्ट दिसतील असा, समोरून. मागच्या पंख्याचे फोटो माझ्याकडे भरपूर जमलेत.